‘खळे’मधलं नोटिसांचं पान

शेतीच्या पेपरात नोकरी करत होते असं सांगितलं की डोंबिवलीतल्या बायका लगेच कुंडीवर येतात. मोगऱ्याला कळी धरत नाही, काय घालू? कढीपत्त्याची पानं पिवळी पडतात, काय मारू? मी सांगते, मला माहीत नाही. त्यांना ते खरं वाटत नाही. पण खरंच माहीत नाही. मी आयुष्यात एक रोप लावून जगवलेलं नाही. मी ‘खळे’ या साप्ताहिकात कल्याणला व्यवस्थापक होते. म्हणजे जाहिराती घ्यायच्या, प्रुफं वाचायची, गठ्ठे बांधून एसटीवर चढवायचे, वर्गणी संपली की पत्र टाकायचं आणि चहावाल्याला थोपवून धरायचं. शेती संपादकांकडे होती.

नोकरीला लागले तेव्हा तर भात आणि वरी शेजारी ठेवली असती तर मला ओळखता आली नसती. पहिल्याच आठवड्यात एका वार्ताहराचा मजकूर हातात आला: ‘जया तयार झाली आहे, रत्ना अजून उभी आहे.’ मला वाटलं, कुणाच्या तरी मुलींची बातमी आहे. या भाताच्या जाती आहेत हे संपादकांनी समजावून सांगितलं. ते हसले नाहीत, हे मी अजून लक्षात ठेवलं आहे.

संपादकांना सगळे तात्या म्हणत. ‘खळे’ काढलं होतं त्यांच्या वडिलांनी. ते शाळामास्तर होते आणि त्यांचं नावही मास्तरच पडलेलं. मी त्यांना पाहिलेलं नाही. पेपर काढायचं कारण अगदी साधं होतं. आसपासच्या गावांतले शेतकरी भाजी आणि पेंढा घेऊन कल्याणच्या बाजारात यायचे, आणि काल भाव काय होता हे त्यांच्यात कुणालाच माहीत नसायचं. अडत्या सांगेल तो भाव. मास्तरांनी भाव छापायला सुरुवात केली. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती आणि बहुतेकांना मिळाला तो किती, असे तीन आकडे. पेपरची खरी ताकद तिसऱ्या आकड्यात होती, कारण पहिले दोन अडत्याही सांगायचा.

पण तेव्हा गावात वाचता येणारी माणसं थोडी. म्हणून मास्तरांनी एक पद्धत घालून दिली. प्रत्येक गावात एका माणसाला अंक फुकट. बदल्यात त्यानं तो चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवायचा. अट एकच, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, काही गाळायचं नाही. भाव वाचले आणि जाहिराती सोडल्या तर जाहिरातदार पैसे का देईल, असा मास्तरांचा हिशेब होता. त्यामुळे खताच्या दुकानाची जाहिरात, हरवलेल्या म्हशीचं वर्णन, अगदी शेवटी छापलेलं ‘मुद्रक, प्रकाशक अमुक, कार्यालय तमुक, कल्याण’ हेसुद्धा गावोगाव वाचलं जायचं.

मी आले तोवर पोरं शिकली होती आणि बऱ्याच गावांत ही पद्धत मोडली होती. काही गावांत मात्र ती सवयीनं चालू राहिली. टिटवाळ्याच्या पलीकडे काळू नदीच्या अंगाला असंच एक गाव होतं. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं सध्या एकमेकांशी बोलतात, ते तसंच राहू दे. तिथे काथोडदादा नावाचे रेल्वेतून निवृत्त झालेले गँगमन अंक वाचायचे. दुपारी बायका भाजी तोडून शेडमध्ये आणायच्या, जुड्या बांधायच्या, करंड्या भरायच्या, आणि संध्याकाळच्या टेम्पोआधी काथोडदादा एका उपड्या करंडीवर बसून वाचायचे. मी एकदा ऐकायला गेलेले. आवाज स्टेशनवरच्या घोषणेसारखा. भाव आणि मयताची बातमी एकाच सुरात. मध्येच कुणी ‘दादा, फिरून वाचा’ म्हटलं की ते ओळ पुन्हा वाचायचे, पण आधी चष्म्यावरून तिच्याकडे बघून घ्यायचे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एकदा भिवंडीकडचा एक गृहस्थ पांढरे कपडे घालून, दाढी वाढवून ऑफिसात आला आणि टेबलावर फोटो ठेवला. फोटोत बैल होता. शर्यतीचा, गळ्यात ढालीची माळ.

“निधन वार्ता द्यायचीय,” तो म्हणाला.

“बैलाची?”

“बादलची.”

मी तात्यांकडे बघितलं. तात्या म्हणाले, “घ्या. दर माणसांचाच लावा.” मजकूर त्यानं स्वतः सांगितला. शोकाकुल म्हणून घरच्या सगळ्यांची नावं, आणि शेवटी ‘जोडीदार: सरदार’. सरदार दुसरा बैल. मी विचारलं, फोटो एका कॉलमात घेऊ की दोन? तो दुखावला. “मॅडम, तो एका कॉलमात मावणारा होता का?”

मला अशी माणसं आवडायची. त्यांना आमच्याकडून काय हवं हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं.

हळूहळू जाहिराती बदलल्या. बियाणं, पंप, औषधं यांची दुकानं कमी झाली, कारण घेणारे कमी झाले. त्या जागी जाहीर नोटिसा आल्या. ज्यांनी कधी जमीन घेतली किंवा विकली नाही त्यांच्यासाठी सांगते. शेतजमीन घ्यायच्या आधी घेणाऱ्याचा वकील वर्तमानपत्रात नोटीस देतो. अमुक गावची, अमुक सर्व्हे नंबरची जमीन आमचे अशील विकत घेत आहेत. त्यावर कुणाचा हक्क, हिस्सा, हितसंबंध असेल तर त्यानं चौदा दिवसांत खालील पत्त्यावर लेखी हरकत कळवावी. न कळवल्यास हक्क नाही किंवा असल्यास सोडून दिला आहे असं समजण्यात येईल. हे सगळं एका दमात, पूर्णविराम न घेता, मुंगीएवढ्या अक्षरात. नोटीस कुठल्यातरी पेपरात यावी लागते. ती कुणी वाचलीच पाहिजे असं कुठे म्हटलेलं नाही. त्यामुळे कमी खपाच्या पेपरांना या नोटिसा फार मिळतात. दरही कमी, वाचकही कमी, दोन्हीकडून सोय.

आमचं चौथं पान नोटिसांनी भरायला लागलं. नंतर तिसरंही. पहिल्या पानावर भेंडीवरच्या भुरी रोगावर लेख आणि मागच्या पानावर त्याच भेंडीखालची जमीन. हे माझ्या लक्षात येत नव्हतं असं नाही. पण छपाईचं बिल, कागद आणि आम्हा चौघांचे पगार त्या पानावर चालत होते. तात्या ते पान बघायचे नाहीत. प्रूफ मीच वाचायचे. सर्व्हे नंबर चुकला तर नोटीस फुकट जाते, म्हणून मी ते आकडे बोट ठेवून वाचायचे. बाकी मजकूर मला पाठ होता.

सगळ्यात जास्त नोटिसा ठाण्याच्या एका वकिलांकडून यायच्या. माणूस सभ्य, वेळेवर पैसे देणारा, दिवाळीला काजूकतलीचा डबा पाठवणारा. त्यांना इथे वकीलसाहेब म्हणते.

एके दिवशी सकाळी ऑफिस उघडून मी टपाल बघत होते तर दारात एक बाई. साठीच्या आसपासची, काष्टी नेसलेली, हातात पिशवी, पिशवीतून भेंडी डोकावतेय. आत येईना.

“ही खल्याची कचेरी ना?”

“हो. या, बसा.”

“बसाला नाय आयले. हरकत द्याला आयले.”

मला आधी समजलंच नाही. त्यांचं नाव हिराबाई. काथोडदादांच्या शेडमध्ये बसणाऱ्यांपैकी एक. आदल्या दिवशी दादांनी अंक वाचला, नोटिसा वाचल्या, आणि त्यात हिराबाईंच्या भावाच्या नावासोबत वडिलांचं नाव आलं. हिराबाईंनी तीनदा वाचायला लावलं.

“तुमचे पेपरान आमची नदीवरची जागा आयलीय. माजा भाव दामू इकतोय. मना कोनी इचारला नाय.”

मग माझ्या लक्षात आलं त्या आमच्याकडे का आल्या. नोटिसा शेवटच्या पानावर तळाला. ‘खालील पत्त्यावर हरकत कळवावी’ असं वाचून झालं की वकिलाचं नाव, ठाण्याचा पत्ता, आणि लगेच त्याखाली आमचं मुद्रक, प्रकाशक, कार्यालय, कल्याण. काथोडदादा मास्तरांच्या अटीप्रमाणे काही गाळत नव्हते आणि कुठे थांबतही नव्हते. ऐकणाऱ्याच्या कानाला शेवटचा पत्ता आमचा. आणि ठाण्याचा कुणी वकील त्यांना माहीत नव्हता. ‘खळे’ माहीत होतं.

मी समजावून सांगितलं की हरकत ठाण्याला द्यायची, आम्ही नुसतं छापतो.

“छापलंत तुमी नं हरकत दुसऱ्यान घ्याची? ह्यो कंचा कायदा?”

मी चहा मागवला.

गोष्ट अशी होती. हिराबाई आणि दामू, दोघंच भावंडं. हिराबाईंना गावातच दिलेली. नवरा लवकर गेला. वडिलांनी नदीकाठचा एक तुकडा तिला करायला दिला, तोंडी. “हिरे, तू खा.” त्यावर तिनं भेंडी, काकडी, दुधी करून दोन मुलं वाढवली. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर दामूचं एकट्याचं नाव लागलं. बहिणीचं लावायचं असतं हे कुणाच्या मनात आलं नाही, हिराबाईंच्याही नाही. पुढे आजूबाजूला इमारती यायला लागल्या, दामूनं वरची थोडी जमीन विकली, दारात मोठी गाडी आली आणि दामूचा दामूशेठ झाला. आता उरलेली सगळी निघाली होती, नदीकाठच्या मळ्यासकट.

“म्हणजे तुम्हाला जमीन विकूच द्यायची नाही?” मी विचारलं.

“आगो, इकू दे ना. त्याची पोरा शेती करनार हायेत का? माजा मला तेवरा सोडून इका. येवराच.” ‘मला’ म्हणजे मळा. तो म्हणताना त्या हातानं टेबलावर एक चौकोन काढत होत्या. टेबलावरचा एक कोपरा.

मी हरकत टाइप केली. चार वाक्यं. हिराबाईंनी अंगठा न देता सही केली, एकेक अक्षर थांबून. मुदत संपायला अजून वेळ होता, पण पोस्टावर माझा भरवसा नव्हता. तात्यांना सांगून मी हिराबाईंना घेऊन ठाण्याला गेले. वकीलसाहेबांचं ऑफिस कोर्टाजवळ, दुसऱ्या मजल्यावर. हिराबाई जिन्यात दोनदा थांबल्या, गुडघ्यासाठी. वर गेल्यावर खुर्चीत न बसता उभ्याच राहिल्या.

वकीलसाहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला.

“मॅडम, तुम्ही नोटिसा छापता की हरकती गोळा करता?”

“त्या पत्ता चुकून आमच्याकडे आल्या. पोचवायला आले.”

“इतक्या वर्षांत तुमच्या पेपरातल्या नोटिशीवर आलेली ही पहिली हरकत.”

“नोटीस त्यासाठीच असते ना?”

ते हसले. रागावले नव्हते. माझ्याकडे बघून म्हणाले, “तशी असते.” आणि पोच म्हणून शिक्का मारून दिला. हिराबाईंनी तो शिक्का वाळेपर्यंत कागद हातात धरला.

व्यवहार थांबला. घेणाऱ्याला भानगडीची जमीन नको होती. हे इथपर्यंत मी अभिमानानं सांगत असे. पेपर काढून काय उपयोग, असं कुणी म्हटलं की मी हिराबाईंचं उदाहरण द्यायचे. पुढचं सांगत नसे.

दोनेक महिन्यांनी वकीलसाहेब स्वतः कल्याणला आले. काजूकतलीचा डबा होता, दिवाळी नसताना. तात्यांसमोर बसले.

“तात्यासाहेब, आपले जुने संबंध. एक विनंती आहे. नोटीस छापा, आम्हाला प्रती द्या, बिल पाठवा. फक्त ज्या गावची नोटीस असेल त्या गावात त्या आठवड्याचा गठ्ठा नाही गेला तर चालेल.”

“गठ्ठा एसटीनं जातो,” तात्या म्हणाले.

“एसटी चुकते कधीकधी.”

“चुकली तर आम्ही दुसऱ्या एसटीनं पाठवतो.”

वकीलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं असावं, ही बाई व्यवहार समजते. मी समजत होतेच. ते गेल्यावर मी तात्यांना स्पष्ट विचारलं.

“तात्या, हे दुसऱ्या पेपराकडे जातील. मग बाकीचेही जातील. वकील एकमेकांना सांगतात.”

“सांगोत.”

“मग आपलं काय?”

“आपलं बंद पडेल.” उद्या ढग येतील म्हणावं तसं ते म्हणाले. “सुनंदा, आमच्या पेपराला वाचक आहेत म्हणून जाहिरात मिळत नाही, असा पेपर जगात हाच एक असेल. ते तरी राहू दे नावावर.”

मला राग आला होता. त्यांचं शहाडला घर होतं, मुलगी ठाण्यात चांगल्या नोकरीत होती. छपाईवाला आणि शिपाई यांचं काय होतं? माझा मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला होता. मी तात्यांशी वाद घातला, अगदी आवाज चढवून. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्या आठवड्याचे गठ्ठे नेहमीपेक्षा लवकर बांधायला सांगितले. त्यांचं बरोबर होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. कळून पगार होत नाही.

झालं तसंच. चौथं पान ओस पडलं. आम्ही तिथे रानभाज्यांची माहिती टाकायला लागलो. मग अंक पंधरवड्यानं निघू लागला. भाव पंधरवड्याचे शिळे झाल्यावर त्यांना काय अर्थ? ते तर आता पोरं मोबाइलवर बघत होती. एसटीच्या कंडक्टरनं एकदा मला विचारलं, “ताई, गठ्ठा एवढाच? बाकीचा विसरलात का?”

आणि मग एक दिवस हिराबाई पुन्हा दारात. या वेळी पिशवी रिकामी. आल्या आणि बसल्या.

“बाय, माजी हरकत परत दे.”

“का?”

“दे. जास्ती इचारू नको.”

मी सांगितलं की ती माझ्याकडे नाही, ठाण्याला आहे. पहिल्या वेळेसारखंच त्यांना हेही पटलं नाही. टाइप मी केली, सही माझ्या टेबलावर झाली, मग कागद माझ्याकडेच असायला हवा. थोड्या वेळानं स्वतःच बोलायला लागल्या.

हरकत दिल्यापासून दामू त्यांच्याशी बोलत नव्हता. गाव तेवढंच, रोज समोरून जायचा, मान फिरवून. रक्षाबंधनाला त्या ताट घेऊन गेल्या तर वहिनीनं बाहेरच्या ओटीवर चहा दिला आणि ‘ते घरी नाहीत’ म्हणाली. गाडी दारात होती. हिराबाई राखी उंबऱ्यावर ठेवून आल्या. हे सगळं त्यांनी सोसलं असतं. पण आता मुलीचं लग्न ठरलं होतं.

“मामा पाटीशी उबा रायला नाय तं लगीन कसा लागल?”

“दुसरं कुणी उभं राहील की. चुलत मामा असेल कुणी.”

“हाय ना. दोगं हायेत. सारा गाव बगल, सख्खा कुटं हाय म्हनून. पोरीला सासरी जल्मभर तेच ऐकाला लागल.”

मी म्हटलं, हिराबाई, मळा तुमचा आहे, कायद्यानं त्याहून जास्त तुमचा आहे, निम्मी जमीन मागता येईल. चांगला वकील बघू. मी जरा जोरातच बोलत होते. त्या ऐकत होत्या, शेडमध्ये भाव ऐकावेत तशा, मान किंचित कलती करून. माझं संपल्यावर म्हणाल्या, “तुजा बरोबर हाय. पन तू लग्नाला येशील नं जेवून जाशील. मना तितंच राहाचंय.”

“मुलीला विचारलंत?”

“ती बोलते, आय, तुजा मला सोडू नको. ती लहान हाय. तिला काय कलतंय माहेर म्हंजे काय.”

मी दुसरा कागद टाइप केला. हरकत मागे घेत आहे, स्वखुशीनं. ‘स्वखुशीनं’ हा शब्द वकिली पद्धतीचा आहे, तो घालावा लागतो. या वेळी त्या एकट्याच ठाण्याला जायला निघाल्या. मी म्हटलं येते, तर म्हणाल्या, “नको. जिना म्हाईत हाय आता.”

संध्याकाळी तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, “जमीन गेली ती गेली. पण तिला माहीत असताना गेली.”

हे समाधान आहे की नाही, ते मला आजही ठरवता येत नाही. अंक त्या गावात गेला नसता तर जमीन गेलीच असती. हिराबाईंना सहा महिन्यांनी जेसीबी बघून कळलं असतं, त्या रडल्या असत्या, भावाशी भांडल्या असत्या आणि लग्नाच्या आधी समेट झाला असता. आमच्यामुळे त्यांना मधला अबोला जास्तीचा मिळाला. उलट कधी वाटतं, आयुष्यात एकदा त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या एका ऑफिसात जाऊन ‘माझं आहे’ असं लिहून दिलं आणि एका वकिलाला त्यावर शिक्का मारावा लागला. एवढं तरी झालं. पण हे माझ्या मनाचं आहे. हिराबाईंनी तसं कधी म्हटलेलं नाही.

‘खळे’ त्यानंतर थोडेच दिवस चाललं. निरोपाचा अंक वगैरे काढला नाही. तात्या म्हणाले, उगाच लोकांना वर्गणी पाठवावीशी वाटेल. टेबलं, कपाटं एका क्लासवाल्यानं घेतली. तिथे आता मुलं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. बंद पडायला फक्त नोटिसा कारण होत्या असं मी म्हणणार नाही. शेतीच राहिली नाही तिथे शेतीचा पेपर किती दिवस राहणार? पण वाचक संपायच्या आधी तो बंद पडला, ही गोष्ट मला अजून टोचते. आणखी काही वर्षं गेली असती तर आपोआप मेला असता, मग मी काही लिहिलंही नसतं.

लग्नाचं आमंत्रण द्यायला हिराबाईंचा मुलगा आला. त्यांचा निरोप होता, हळदीच्या दिवशी दुपारीच यायचं. गेले. दारात मंडप पडला होता. नवरी आतल्या खोलीत मैत्रिणींमध्ये होती. खुर्च्या मांडायला सांगत, फोनवर बोलत, बँडवाल्याला रागे भरत जो माणूस सगळीकडे फिरत होता तो दामूशेठ. त्यानं मला ओळखलं.

“पेपरवाल्या मॅडम ना? या, या. आता जेवल्याशिवाय जायाचं नाय हां.” मग हसून, “काय छापू नका म्हंजे झालं.”

“पेपर बंद झाला,” मी म्हटलं.

“अरे, कवा?” त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. “आमचा बाप भाव ऐकाला जायचा.”

मागच्या पडवीत बायका उद्याच्या जेवणाची भाजी निवडत होत्या. हिराबाई मध्ये बसलेल्या, नवी साडी, केसात गजरा. समोर भेंडीची पोती उघडलेली. दामूशेठनं टेम्पो पाठवून कल्याणच्या बाजारातून आणवलेली. मला बघून त्यांनी बाजूला सरकून जागा केली. मी सुरी घेऊन बसले. गप्पा चालल्या होत्या, कुणीतरी हळदीचं गाणं म्हणत होतं. हिराबाई भेंडी चिरत नव्हत्या. एकेक उचलून बोटानं तिचं शेपूट मोडून बघत होत्या. कट्‌कन मोडलं तर टोपलीत. नुसतं वाकलं तर बाजूला. बाजूचा ढीग वाढत चालला होता.

“सारी जून हाय,” त्या कुणाला उद्देशून नाही असं म्हणाल्या.

तेवढ्यात दामूशेठ पाणी प्यायला पडवीत आला. हिराबाईंनी मान वर न करता विचारलं, “दामू, कितीची आनली ही?”

त्यानं किलोचा भाव सांगितला.

हिराबाईंचा हात थांबला. त्यांनी भावाकडे बघितलं, मग हातातल्या भेंडीकडे.

“येवरी म्हाग मी कवाच इकली नाय रे,” त्या म्हणाल्या, आणि बाजूच्या ढिगातली भेंडी एकेक करून परत टोपलीत टाकायला लागल्या.